ठराव सातचा आढावा

नंदुरबारला जानेवारीत सभा घ्यायची
म्हणजे खिडक्या लावून घ्यायची.
पलीकडे पथारीवर मिरची पसरलेली,
झुळूक आली तरी प्रार्थनेला
आमेनच्या आधी ठसका लागतो.

मी चिटणीस. वही माझी, पेन मंडळीचं.
विषय एकच: गेल्या वर्षीचा ठराव सात.
सकाळची मराठी भक्ती आणि दुपारची भिली
एक करून साडेनऊला घेणे,
बाकं काढून सतरंज्या अंथरणे.
बाजूने एकेचाळीस, विरुद्ध अडतीस.
चिठ्ठ्या मीच मोजल्या होत्या.

शमुवेल निकाळजे, खजिनदार, आकडे वाचू लागले.
आधी सकाळी चौऱ्याऐंशी, दुपारी एकाहत्तर.
आता मिळून एकशे अठरा.
बेरीज येत नाही, असं दोनदा म्हणाले
आणि चष्मा पुसला.
पेटीत नोटा कमी, नाणी जास्त;
शिवाय अंडी, तुरीच्या शेंगा,
एकदा जिवंत कोंबडा,
तो उपदेशाच्या मध्येच आरवला
आणि पाळक नेमके पेत्रावर बोलत होते.
वर्षभरात सगळे एकदम हसलो ते तेव्हाच.
हे आकड्यांत कुठे बसवायचं?

मनोहर केदारी भिंतीला टेकून होते.
ती अकरा बाकं त्यांच्या वडिलांच्या रंध्याखालची,
तळोद्याच्या सागाची.
"मनं मन मानस, पन गुडघा मानत नही,"
एवढंच बोलले.
बाकं आता शेडमध्ये.
एकावर कोरलंय, सारूबाई केदारी यांच्या स्मरणार्थ,
आणि त्यावर सिमेंटच्या गोण्या.
मी लिहिलं: आसनव्यवस्थेबाबत एक सूचना.

मग दारापाशी बसलेली जातरीबाई वसावे उठली.
सरळ पथारीवरून आलेली,
हात अंगापासून लांब धरलेले;
त्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.
"तुम्ही म्हणता, आम्हाला आत घेतलं.
आम्ही बाहेर होतो कुठं?
दुपारी हीच खोली होती, दार आम्हीच उघडायचो.
ढोल होता. गाणं संपेस्तोवर गाणं चालायचं,
आता घड्याळ संपेस्तोवर चालतं.
आणि आढावा घेता तो कधी,
तर अर्धी माणसं बारडोलीच्या उसात असताना."

कुणी काही बोललं नाही.
खिडकीची फट राहिली असावी.
निकाळजे खोकले, पाळक खोकले, जातरीबाई खोकली.
केदारींनी आपला तांब्या सरकवला,
तिच्याकडे आधी.
मग तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला.
वर्षापूर्वी या खोलीत दोन माठ असायचे.
ते कुठल्या ठरावाने ठेवले नव्हते,
म्हणून काढल्याचीही नोंद नाही.

आता सांगते: अडतिसातली एक चिठ्ठी माझी.
कशाला भ्यायले होते, नीट आठवत नाही.
जागेला म्हणावं, चालींना म्हणावं,
की शेजारी कोण बसेल त्याला.
आज पुन्हा चिठ्ठी दिली तर?
जातरीबाईचं ऐकल्यापासून वाटतंय
की माझं विरुद्ध बरोबर होतं
आणि त्याचं कारण मात्र खोटं.

शेवटचा रकाना: फलित.
मी लिहिलं: निर्णय नाही. पुढची सभा होळीला,
उसाची माणसं घरी येतील तेव्हा.
एक बाक परत आणावं,
केदारींसाठी आणि ज्याला हवं त्याच्यासाठी.

दाराशी चपला शोधताना जातरीबाईनं विचारलं,
"माझं लिहिलं का?"
वाचून दाखवलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं,
तिला वाचता येत नाही, तरी बरोबर ओळीवर.
"ढोलाचं राहिलं."
चौकटीला वही टेकवून समासात लिहिलं, ढोल.

रात्री स्वच्छ प्रत काढत होते.
त्या पानापाशी आले, बोट फिरवलं,
आणि सवयीनं डोळा चोळला.